दिवाळी ते संक्रांत

सुनीताचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते आणि समोरच्या पडद्यावर पुढच्या आठवड्याच्या ढगांचा अंदाज उघडा होता. तिनं कशी आहेस, काय चाललंय, काहीच विचारलं नाही. "ताई, चाचा गेले," एवढंच म्हणाली. मागं कॉम्प्रेसरची धडधड ऐकू येत होती, म्हणजे ती चिलिंग सेंटरवरूनच बोलत होती. मी विचारलं, कधी? "सकाळी. चहा पिऊन चपला घालत हुते, इकडंच यायला. बसले ते बसलेच... दुपारच्या नमाजनंतर माती हाय. तुमी काय पोचत न्हाई तवर." मी घड्याळ बघितलं. पुण्याहून तिसगाव म्हणजे चार तास, शिरूरला गाड्या तुंबल्या तर पाच. एवढा हिशेब करूनही मी खुर्चीतून उठले नाही. डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. महिनाभरापूर्वी मी चाचांना, म्हणजे युनूसभाईंना, कबूल केलं होतं की भेटायला येते, दिवाळी ते संक्रांत यांच्या मधे कधीतरी नक्की येते. दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

युनूसभाईंचं नाव वाचकांनी ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. पाथर्डी तालुक्यात तिसगावजवळ दुधाचं एक चिलिंग सेंटर आहे, तिथले ते ऑपरेटर. आसपासच्या गावांतून सकाळ-संध्याकाळ टेम्पोनं कॅन येतात, ते दूध तिथं थंड करायचं आणि टँकरनं पुढं डेअरीला पाठवायचं. ऐकायला अगदी सोपं काम. पण दूध किती येणार हे गाईंच्या मनावर, लाईट किती वेळ राहणार हे कुणाच्याच हातात नाही, आणि टँकर करंजी घाटात कधी अडकेल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. दूध मात्र कुणासाठी थांबत नाही. म्हणून सेंटरच्या मागच्या बाजूला पाण्याची एक मोठी टाकी असते, तिच्यात नळ्यांची वेटोळी. लाईट असेल तेव्हा कॉम्प्रेसर चालवून त्या नळ्यांवर बर्फ धरून ठेवायचा आणि दूध आलं की त्या गार पाण्यावर ते निववायचं. लाईट गेली तरी बर्फ हाताशी असतो. तो किती धरायचा हे मात्र सकाळीच ठरवावं लागतं, दूध आणि लाईट यांतलं काहीही कळायच्या आधी. कमी धरला तर दूध नासतं, जास्त धरला तर तो नुसताच वितळून वाया जातो. युनूसभाईंनी हे तीस वर्षं रोज सकाळी ठरवलं.

मी तिथं पोचले ती नवी कोरी पदवी घेऊन. पुढचं नीट माहीत नसताना नियोजन कसं करायचं, याच विषयात मी इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेतलं होतं, आणि दूध संघानं मला सगळ्या सेंटरांचा वीज-डिझेलचा वापर आटोक्यात आणायला नेमलं होतं. या लोकांना कुणी नीट आकडेमोड करून दिली नाही, एवढीच काय ती अडचण आहे, असं मला मनापासून वाटायचं. तेव्हाचा माझा तोरा आठवला की आता माझं मलाच हसू येतं. मी मोबाईलवर भरायचा एक फॉर्म तयार केला. आज दूध किती येईल, लाईट किती तास जाईल... प्रत्येक प्रश्नापुढं एक चौकट. बाकीची सेंटरं निमूट आकडे भरायची. तिसगावचा फॉर्म मात्र रोज परत यायचा, कारण युनूसभाई लाईटच्या तासांच्या चौकटीत लिहायचे 'एक ते नऊ', आणि संगणक काही तो 'ते' घ्यायचा नाही. शेवटी मी वैतागून फोन केला.

"एकच आकडा लिहायचा असतो हो तिथं!"

"मॅडम, एक आकडा मला ठाव न्हाई. ठाव असता तर लिवला नसता का?"

"अहो, अंदाज विचारलाय. शपथेवर नाही सांगायचं."

"अंदाजच सांगतोय की. एक ते नऊ."

"हा कसला अंदाज?"

"खरा," ते म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं तिसगाव गाठलं ती त्यांना सरळ करायलाच. कॉम्प्रेसरच्या खोलीत भिंतीवर शाळेतल्यासारखा काळा फळा होता. डावीकडं सकाळचा अंदाज, नेहमी जोडीनं: दूध इतकं ते इतकं, लाईट जाणार इतकी ते इतकी. उजवीकडं संध्याकाळी लिहायचं, खरं काय झालं ते. अंदाज चुकला तरी पुसायचा नाही असा त्यांचा दंडक होता. महिनाभर सगळं तसंच ठेवायचं, एक तारखेला वहीत उतरवून घ्यायचं आणि मगच ओला फडका मारायचा. फळ्याचा एक कोपरा लांबच्या गोष्टींसाठी राखलेला होता, तो उतरवल्यावरसुद्धा पुसला जायचा नाही. तिथं लेकीच्या बाळंतपणाचाही अंदाज होता: 'सलमा, वीस ते तीस', आणि समोर संध्याकाळच्या बाजूला, 'चोवीस, मुलगी'. मी हसले. ते नाही हसले, उलट अभिमानानं म्हणाले, "मदेच बसलं बघा."

मी पिशवीतून माझे कागद काढले. त्यांच्याच रजिस्टरवरून दोन वर्षांची सरासरी काढली होती, लाईट दिवसाला तीन तास जाते. तेवढ्यापुरता बर्फ धरला तर काम भागतं, उगाच टाकी भरून ठेवायची गरज नाही. युनूसभाईंनी कागद दोन्ही हातांनी धरून सावकाश वाचला. मग रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. "ताळा बरोबर असंल तुमचा. फकस्त मला ह्याच्यात तीन तास लाईट गेल्याचा एक दिवस दाखवा." मी पानं उलटत गेले. अर्धा तास होता, वीस मिनिटं होती, अजिबात न गेलेले दिवस होते आणि मग अधूनमधून आठ तास, दहा तास, एकदा तर अख्खा दिवस. तीन तासांचा दिवस मला सापडला नाही. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, आणि तो ते बरोबर होते म्हणूनच आला हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. वरून मंजुरी मिळालेली होती, मागं फिरणं कमीपणाचं वाटलं. उन्हाळाभर बर्फ एक तृतीयांश कमी धरायचा आणि डिझेलचा साठाही त्याच बेतानं ठेवायचा असं मी सांगून टाकलं. "लिहून द्या," ते म्हणाले. मी लिहून दिलं. त्यांनी तो कागद फळ्याच्या खाली खिळ्याला अडकवला आणि दुसऱ्या दिवसापासून अगदी माझ्या कागदाप्रमाणं बर्फ धरायला लागले.

महिना-दीड महिना सगळं छान चाललं. मी मुख्य कार्यालयात बचतीचे आलेख दाखवत होते. मग एके दिवशी माझी योजना कशी चालते ते कौतुकानं बघायला मी तिसगावला गेले आणि त्याच दुपारी वादळ आलं. पाऊस असा चार थेंबच पडला, पण वाऱ्यानं करंजीपासून इकडं विजेचे खांब आडवे केले. घाटात झाड पडून टँकर पलीकडं अडकला, डिझेल आणायचा रस्ताही तोच. संध्याकाळचं दूध मात्र वेळेवर आलं, टेम्पोवाले शेताशेतातून वाट काढत आले. होता तेवढा बर्फ संपला. होतं तेवढं डिझेल जनरेटरनं पिऊन टाकलं. सकाळी सुनीतानं... ती तेव्हा तिथं दूध तपासायला होती... काचेच्या नळीत दूध उकळून बघितलं आणि नळी माझ्यापुढं धरली. "ताई, फाटलं."

दूध मागच्या खड्ड्यात सोडायचं ठरलं. व्हॉल्व्ह उघडायला सुनीता पुढं झाली तर युनूसभाईंनी तिला मागं केलं आणि स्वतःच तो फिरवला. इतकं दूध जमिनीवरून वाहत जाताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ज्यांनी पहाटे उठून चारा टाकला, धारा काढल्या, त्या बायकांकडं आता रिकामे कॅन परत जाणार आणि टेम्पोवाला काय सांगणार, या विचारानं मला रडू फुटलं. मी तशीच आत गेले आणि खिळ्यावरचा माझा कागद ओढायला लागले. ते मागून आले. "राहू द्या तो." मग खडू घेतला आणि उजव्या बाजूला लिहिलं, लाईट सोळा तास गेली, संध्याकाळचं दूध गेलं. त्याखाली लिहिलं: 'चूक: मॅडमची एक, माझी एक.' मी विचारलं, तुमची कसली? तुम्ही तर आधीच सांगितलं होतं.

"कुठं सांगितलं? एकदा इचारलं आन् लिहून घेतलं. मला म्हाईत हुतं आन् तरी कागद आला म्हणून मी गप बसलो. तुमाला म्हाईतच नव्हतं. माझी मोठी हाय, ताई."

त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणाले नाहीत.

पुढच्या काही महिन्यांत मी मुख्य कार्यालयाशी भांडून फॉर्ममध्ये एकाऐवजी दोन चौकटी करून घेतल्या, 'पासून' आणि 'पर्यंत'. साहेब लोकांना ते ऑपरेटरचे लाड वाटले. वाटू देत. युनूसभाईंची आणखी एक सवय मी उचलली. रोज सकाळी टाकीपाशी उभं राहून ते कामांचे दोन ढीग करायचे. "ह्यातलं आत्ताच काय ठरवाया लागतंय आन् काय मंग ठरवलं तरी चालतंय?" बर्फ आत्ता. दुसरा टँकर बोलवायचा का ते मग, दूध किती आलं ते बघून. जनरेटर मग. कुठल्या गावचं दूध आधी घ्यायचं तेही मग. माझ्या वर्गात हीच गोष्ट शिकवायला सहा महिने आणि अर्धी ग्रीक वर्णमाला लागली होती. आता हे वाचून कुणी 'अडाणी माणसाचं शहाणपण' वगैरे म्हणेल म्हणून सांगून ठेवते, ते आयटीआय झालेले फिटर होते आणि असलं कौतुक त्यांना बिलकूल खपलं नसतं.

आणि ते काही नेहमीच बरोबर नसायचे. तीन सेंटरांनी मिळून बर्फाचा आणि टँकरचा आधार एकमेकांना द्यावा, म्हणजे प्रत्येकानं आपापली टाकी काठोकाठ भरून बसायला नको, असं मी सुचवलं तेव्हा ते हट्टाला पेटले. "माझ्या गावांचं दूध दुसऱ्याच्या बर्फाच्या भरवशावर? जमायचं न्हाई." मी तिन्ही रजिस्टरं शेजारी शेजारी मांडून दाखवलं की तिन्हीकडची लाईट एकाच वेळी क्वचित जाते. त्यांनी आठ दिवस घेतले. स्वतः वायरमनला गाठून कुठली लाईन कुठून येते ते विचारून आले आणि मग नाखुशीनंच हो म्हणाले. त्या उन्हाळ्यात तिसगावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि आमचं सगळं दूध पाथर्डीच्या सेंटरच्या बर्फावर वाचलं, तेव्हा त्यांनी मुद्दाम फोन करून मला फळ्यावरची ओळ वाचून दाखवली: 'चूक: युनूसची एक.' इतक्या आनंदानं स्वतःची चूक वाचणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

नंतर मी पुण्याला आले. आता सौर विजेचं काम करते. ऊन किती पडेल, लोक वीज किती वापरतील, मोठाल्या बॅटऱ्या कधी भरून ठेवायच्या आणि कधी रित्या करायच्या हे आदल्या दिवशी ठरवायचं. आमच्या टीममधली पोरं मला चिडवतात, कारण मी बॅटरीला अजून 'टाकी' म्हणते. युनूसभाई निवृत्त झाले, सुनीता ऑपरेटर झाली. तिला त्या खुर्चीत बसवायचं म्हणून त्यांनी दोन वर्षं आधीपासून तिच्याकडून रोज फळा लिहून घेतला होता. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी चहा पिऊन चिलिंगवर जायचे, तिचा अंदाज बघायचे, काही बोलायचे नाहीत आणि घरी यायचे. पंधरा-वीस दिवसांनी मला फोन असायचा. "काय म्हणतीय तुमची टाकी?" अशी सुरुवात. मी सांगायचे, ते प्रश्न विचारायचे, आणि त्यांच्या प्रश्नांनी माझ्या दोन-तीन मोठ्या चुका तरी वेळेत सापडल्या असतील.

शेवटचा फोन दसऱ्याच्या सुमारास आला. बोलता बोलता म्हणाले, "व्हॉल्व्ह जरा गळतोय." मला वाटलं सेंटरचा. "न्हाई वो, माझा. छातीतला. नगरला दाखवून आलो." मी घाबरून विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? "म्या इचारलं, किती ते किती? तर म्हनला तसं सांगता येत न्हाई, काळजी घ्या. म्या म्हनलं, मंग तुमी आमच्या हेड ऑफिसातले दिसताय." मी हसले. ते एवढे मजेत बोलत होते की मला हसणं सोपं गेलं. मग म्हणाले, "या की एकदा." मी म्हटलं, येते ना, नक्की येते. "कवा?" ऑफिसात एका मोठ्या प्रकल्पाची मुदत जवळ आली होती. मी त्यांचीच गंमत करायला म्हणून म्हटलं, "दिवाळी ते संक्रांत." पलीकडून त्यांचं ते खोल हसू आलं. "लई लांब हाय, पन खरा हाय. लिवून ठेवतो."

लांब आहे, असं ते म्हणाले होते. मी ते ऐकलं होतं. आत्ताच काय ठरवायचं आणि मग काय ठरवलं तरी चालतं, हे मला ज्या माणसानं शिकवलं त्याला भेटायला जाणं मी मगच्या ढिगात टाकलं. याला दुसरं काही नाव नाही.

त्यांच्या चाळिसाव्याला गेले. आधी घरी. त्यांच्या पत्नीनं, शमीमभाभींनी, मला जवळ बसवून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, जणू माझंच कुणी गेलं होतं आणि त्या समाचाराला आल्या होत्या. मी म्हटलं, भाभी, मला उशीर झाला. त्या म्हणाल्या, "न्हाई गं. दिवाळीच्या दुसऱ्या दिसापासून रोज इस्त्रीचा सदरा घालून जात हुते चिलिंगवर. म्या म्हनलं, आज काय हाय? तर म्हनायचे, ताईची मुदत सुरू झाली. आजबी येईल ती." मला त्यापुढं तिथं बसवलं नाही. ज्याचा अंदाज जोडीचा असतो तो पहिल्या दिवसापासून तयार असतो, हे मला कळायला हवं होतं... मुदतीचं शेवटचं टोक माझ्या डोक्यात होतं आणि त्यांच्या डोक्यात पहिलं.

मग चिलिंगवर गेले. सुनीतानं कॉम्प्रेसरची खोली उघडली. फळ्यावर तिच्या अक्षरात त्या सकाळचा अंदाज होता. कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात, जरा तिरकं: 'ताई, दिवाळी ते संक्रांत.' उजवीकडची जागा कोरी होती. सुनीतानं मधे दोनदा फळा वहीत उतरवून पुसला होता, कोपऱ्याला हात लावला नव्हता. तिनं खडू माझ्यापुढं धरला. "लिवा. खरं काय झालं ते लिवायचं असतं." मी त्या दिवसाची तारीख लिहिली. संक्रांत अजून लांब होती. माझा अंदाज बरोबर मधे बसला होता, अगदी सलमाच्या मुलीसारखा. त्याच्याखाली मी लिहिलं, 'चूक: ताईची एक,' आणि खडू खाली ठेवला.

सुनीता बाजूला उभी राहून वाचत होती. बाहेर टेम्पो येऊन लागला, कॅन उतरवल्याचा आवाज यायला लागला. तिकडं वळता वळता म्हणाली, "चाचांची बी एक लिवा की, ताई. डॉक्टरनी त्यांनला समदं सांगितलं हुतं. मला म्हनले, ताईला काई कळवायचं न्हाई, तिचं काम चाललंय. म्हाईत हुतं, आन् गप बसले."

ती कॅन उतरवून घ्यायला गेली. मी खडू उचलला आणि स्वल्पविराम देऊन पुढं लिहिलं, 'युनूसभाईंची एक.' मोठी कुणाची, ते मात्र लिहिलं नाही.